एका उभ्या रेघेची हकीकत

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. रात्रशाळेत मराठी शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. असल्या माणसाने संगणकाच्या इतिहासात नाक खुपसावे हे वाचकांना जरा चमत्कारिक वाटेल, मलाही वाटते. पण गेल्या गणपतीत आमच्या घरी जे घडले त्यामुळे मला या विषयाच्या मागे लागणे भाग पडले, आणि एकदा जो लागलो तो दिवाळी आली तरी सुटलेलो नाही.

झाले असे, की माझ्या नव्या कादंबरीचे बाड एका संपादकांनी परत केले. सोबत चिठ्ठी होती. ‘तुमची पात्रे फार उसासे टाकतात.’ सात वर्षांच्या कामाला पाच शब्द! मी तणतणत ती चिठ्ठी घरात वाचून दाखवली. आमच्या सौभाग्यवतींनी मोदकाची उकड मळता मळता मान वर न करता विचारले, “मग खोटं काय आहे त्यात?”

सणाला पुण्याहून भाचा आला होता. तो संगणकाच्या नोकरीत आहे. तो म्हणाला, “मामा, भांडता कशाला? मोजूनच बघू की. कुठला शब्द किती वेळा आलाय ते आत्ता निघतं.” कादंबरी टंकून ठेवलेली होतीच. त्याने काळ्या पडद्यावर एकच ओळ लिहिली. सहा लहान लहान आज्ञा, आणि दर दोन आज्ञांच्या मध्ये एक उभी रेघ. आपल्या ओवी-अभंगात चरणाच्या शेवटी दंड असतो ना, हुबेहूब तसली. मग त्याने कळ दाबली. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उत्तर आले. एक ओळ. तिच्यात ‘१’ हा आकडा, आणि आकड्यापुढे काहीही नाही.

म्हणजे सात वर्षांच्या माझ्या कादंबरीत यंत्राच्या मते एकच शब्द होता, आणि तोही कोरा! संपादक निदान पाच शब्द तरी बोलले होते.

भाचा खो खो हसत सुटला. चूक त्याच्या लगेच ध्यानात आली होती. ती काय ते पुढे सांगेन. माझे लक्ष मात्र त्या रेघांकडे लागले होते. “ही रेघ कसली रे?”

“पाइप, मामा. नळ म्हणा.”

“त्यातून वाहतं काय?”

“आत्ता तुमची कादंबरी वाहत होती.”

त्या रात्री मी त्याला झोपू दिले नाही. पुढचे दोन महिने ज्यांनी हे नळ बसवले त्या मंडळींनीच लिहून ठेवलेल्या आठवणी शब्दकोश उशाशी घेऊन वाचत बसलो. त्यातून जे हाती लागले ते असे.

अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतात मरे हिल नावाचे गाव आहे. तिथे तिकडच्या टेलिफोन कंपनीची मोठी संशोधनशाळा होती, बेल लॅब्ज. ट्रान्झिस्टर १९४७ साली जन्माला आला तो तिथेच. या शाळेत डग मॅकइलरॉय नावाचा एक गणिती होता. ११ ऑक्टोबर १९६४ या दिवशी त्याने सहकाऱ्यांसाठी एक टिपण टंकून काढले. त्यात एक कल्पना होती. बागेत पाणी घालायची रबरी नळी जशी आपण तुकड्याला तुकडा पिळून जोडतो, तसे एका प्रोग्रॅमला दुसरा प्रोग्रॅम जोडता आला पाहिजे. मजकुरावर आणखी काही संस्कार करावासा वाटला की आणखी एक तुकडा जोडावा आणि मोकळे व्हावे.

त्या काळचा संगणक म्हणजे खोलीभर पसरलेले धूड. काम सांगायचे ते भोके पाडलेल्या पत्त्यांच्या गठ्ठ्यांतून, आणि उत्तराची वाट पाहायची तासन्‌तास. अशा दिवसांत बागेतल्या नळीची गोष्ट करणारा माणूस बराचसा कवीच म्हटला पाहिजे. टिपण दफ्तरात पडून राहिले. १९६८ साली जर्मनीत गार्मिश येथे जी परिषद भरली, तिच्यातही मॅकइलरॉयने याच जातीचा विषय मांडला. यंत्रांचे सुटे भाग जसे कारखान्यात बनतात आणि हवे तिथे बसवता येतात, तसे प्रोग्रॅमचेही सुटे भाग का असू नयेत, असे त्याचे म्हणणे. माणूस एकाच सुराचा होता. चार वर्षे झाली तरी सूर सोडला नव्हता.

आता केन थॉम्पसन आणि डेनिस रिची या जोडीकडे वळू. बेल लॅब्ज, एमआयटी हे विद्यापीठ आणि जनरल इलेक्ट्रिक कंपनी यांनी मिळून ‘मल्टिक्स’ नावाची एक अवाढव्य यंत्रणा उभारायला घेतली होती. काम लांबत गेले, आणि १९६९ साली बेल लॅब्जने अंग काढून घेतले. हाताला चांगल्या यंत्राची सवय लागलेली आणि यंत्र मात्र नाही, अशी या मंडळींची अवस्था झाली. थॉम्पसनला कुठेतरी कोपऱ्यात फारसा कुणी वापरत नसलेला पीडीपी-७ नावाचा छोटा संगणक सापडला. त्याच उन्हाळ्यात त्याची बायको तान्ह्या मुलाला घेऊन महिनाभर सासरी, म्हणजे थॉम्पसनच्या आईवडिलांकडे, कॅलिफोर्नियाला गेली. त्या मोकळ्या महिन्यात या गृहस्थाने आठवड्याला एक याप्रमाणे एका नव्या यंत्रणेचे मुख्य भाग लिहून काढले. (आमची ही माहेरी गेली की मला दूध उतू न घालण्याखेरीज दुसरे काही साधत नाही.) मल्टिक्सची थट्टा म्हणून हिचे नाव पडले ‘युनिक्स’. म्हणजे तिकडे बहु, तर इकडे एक.

पुढे त्यांना पीडीपी-११ हा जरा बरा संगणक मिळाला. बरा म्हणजे किती? स्मरणशक्ती २४ किलोबाइट! आज खिशातल्या फोनने काढलेले एखादे छायाचित्रही तेवढ्यात मावायचे नाही. हे यंत्र मिळवताना सबब सांगितली होती दस्तऐवज टंकायची, आणि ती त्यांनी प्रामाणिकपणे पाळली. पेटंट खात्याच्या तीन टंकलेखिका त्याच यंत्रावर दिवसभर अर्ज टंकत बसत, आणि त्याच यंत्रावर ही मंडळी आपले प्रयोग करीत. जगातल्या इतक्या मोठ्या गोष्टीची पहिली गिऱ्हाइके तीन टंकलेखिका होत्या, हे मला फार आवडले.

आज्ञा वाचून ती पार पाडणारा जो प्रोग्रॅम असतो त्याला ‘शेल’ म्हणतात. शेल म्हणजे कवच. हा शब्द लुई पूझँ नावाच्या फ्रेंच माणसाचा, मल्टिक्सच्या काळातला. युनिक्सच्या शेलमध्ये लवकरच एक सोय आली. आज्ञेपुढे बाणाचे टोक काढून एखाद्या फायलीचे नाव लिहिले, की आज्ञेचे उत्तर कागदावर उमटण्याऐवजी त्या फायलीत जाऊन पडे. मग दुसरी आज्ञा ती फाईल उघडून पुढचे काम करी. काम भागत होते, पण प्रत्येक पायरीला एक फाईल आणि शेवटी त्या सगळ्या पुसायचा व्याप.

यात अडचण काय, ते दिवाळीच्या अंकात सांगायला सोपे आहे. समजा घरात चकल्या करायच्या आहेत. काकूने सगळी भाजणी मळून परात भरून ठेवली आणि ती उठून गेली. मग आत्या आली, तिने सोऱ्या घेऊन सगळ्या चकल्या पाडल्या. माजघरभर वर्तमानपत्रे आणि त्यांवर चकल्या, पाय ठेवायला जागा नाही. मग ती गेली आणि आई आली, तिने सगळ्या तळल्या. होतील चकल्या, पण अशा करते कोण? आपल्याकडे तिघी एका वेळी बसतात. काकूने गोळा केला की आत्या पाडते, आत्याने ताट सरकवले की आई तळते. माजघर मोकळे राहते आणि पहिली चकली शेवटचा गोळा मळून व्हायच्या आधीच पोरांच्या तोंडात पडते. मॅकइलरॉयला हवी होती ती ही दुसरी तऱ्हा.

१९७० ते १९७२ अशी दोन वर्षे तो थॉम्पसनच्या मागे लागला होता. हे करू या, असे करू या, असे लिहू या. गंमत अशी, की मॅकइलरॉय हा थॉम्पसन आणि रिची यांच्या विभागाचा प्रमुख होता. हुकूम सोडला असता तर काम महिन्याभरात झाले असते. त्याने तो सोडला नाही. पुढे त्याने स्वतःच कबूल केले आहे, की युनिक्सच्या बाबतीत साहेबी गाजवायचा मोह त्याला जवळपास झाला असेल तर तो या एकाच गोष्टीसाठी. मी अनेक मुख्याध्यापकांच्या हाताखाली काम केले आहे. त्यामुळे या ‘जवळपास’ शब्दाची किंमत मला कळते.

अखेर एके दिवशी त्याने आज्ञा कशा लिहाव्यात याची एक नवी तऱ्हा सुचवली, आणि रोजच्या भुणभुणीला कंटाळलेला थॉम्पसन म्हणाला, की ठीक आहे, करतो. आणि त्याने ते एका रात्रीत केले. १९६४ ते १९७२, आठ वर्षे ताटकळलेली कल्पना. प्रत्यक्षात यायला तिला एक रात्र लागली. नळ तर बसवलाच, पण त्याच रात्री त्याने जुने प्रोग्रॅमही उलगडले. त्यांपैकी पुष्कळांना फायलीचे नाव दिल्याशिवाय काम करता येत नसे. त्यांना त्याने समोरून येईल ते घेऊन काम करायची सवय लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत नुसती धमाल उडाली. जो तो एका ओळीत अमुक करून दाखवतो, तमुक करून दाखवतो. नवा सोऱ्या घरात आल्यावर पोरांचे जे होते ते त्या विद्वानांचे झाले.

१९७३ च्या फेब्रुवारीत युनिक्सच्या माहितीपुस्तकाची तिसरी आवृत्ती निघाली, तिच्यात पाइपची नोंद आहे. पण त्या वेळी उभी रेघ नव्हती! फायलीसाठी जो बाण होता त्याच बाणाने नळही जोडीत, आणि वाचणाऱ्याचा गोंधळ होई. मधल्या आज्ञेला काही जास्त सूचना द्यायची तर तिला अवतरणचिन्हांत कोंडावे लागे. थॉम्पसनला लंडनला व्याख्यान द्यायचे होते. चार परक्या विद्वानांसमोर हे ध्यान फळ्यावर कसे लिहावे, म्हणून त्याने तेवढ्यासाठी चिन्ह बदलले आणि उभी रेघ आणली. पाहुणे यायच्या आधी आपण भिंतीला चुना काढतो, त्यातलाच प्रकार. आज जगभर लाखो माणसे जी रेघ ओढतात तिचा उगम हा असा आहे. आपल्या दंडाशी तिचे रूप जुळते, पण अर्थ नेमका उलटा. आपला दंड सांगतो, थांबा. ही सांगते, पुढे चला.

आता या नळात घडते काय? भाच्याने मला हे तीन वेळा समजावले आणि तिसऱ्या वेळी ते उतरले. युनिक्समध्ये प्रत्येक प्रोग्रॅमला जन्मतःच एक तोंड आणि एक मोरी असते. तोंडातून मजकूर आत घ्यायचा, मोरीतून बाहेर सोडायचा. तोंडाला टंकफलक लावला आहे की फाईल, मोरीपुढे पडदा आहे की आणखी कुणाचे तोंड, हे त्याला ठाऊक नसते आणि ठाऊक असायचे कारणही नसते. शेल आज्ञांची ओळ वाचते, दर रेघेसाठी यंत्रणेकडून दोन टोकांची एक नळी मागून घेते, प्रत्येक आज्ञेसाठी आपलीच एक प्रत काढते, त्या प्रतीची मोरी आणि तोंड योग्य त्या टोकांना जोडते आणि मग त्या प्रतीच्या जागी प्रत्यक्ष प्रोग्रॅम बसवते. सगळे एकाच वेळी कामाला लागतात. पहिला संपल्यावर दुसरा, असे नाही.

आणि वेग? एक भराभर काढतो आहे आणि दुसरा हळू खातो आहे, तर? इथे पुन्हा आत्या आणि आई. दोघींच्या मध्ये एकच ताट आहे. ताट भरले की आत्याचा सोऱ्या आपोआप थांबतो; ताट रिकामे झाले की आई झारा हातात धरून वाट पाहते. कुणी कुणाला ओरडत नाही. आजच्या लिनक्समध्ये हे ताट साधारणपणे ६५,५३६ बाइटांचे असते. देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट खाते. म्हणजे कोणत्याही क्षणी नळात माझ्या कादंबरीची फार तर एकवीस हजार चिन्हे असणार, बाकीची मागे रांगेत. काकूची भाजणी संपली आणि ती हात धुऊन उठली की आत्याला कळते, आता आणखी येणार नाही. उलट, आईनेच गॅस बंद केला, तर आत्याला निरोप जातो की घेणारे कुणी उरले नाही, आणि तीही सोऱ्या खाली ठेवते. या सगळ्याची काळजी यंत्रणा वाहते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या डोक्याला त्याचा ताप नाही.

पुढे पुष्कळ छोट्या संगणकांवर डॉस नावाची यंत्रणा होती. तिच्यात १९८३ साली हीच उभी रेघ आली, पण आत सगळा मामला माजघरभर वर्तमानपत्रे पसरण्याचा! पहिले काम पुरते संपवायचे, ते तात्पुरत्या फायलीत ठेवायचे, मग दुसरे. रेघ उसनी आणली, पण बायका एका वेळी बसवता आल्या नाहीत.

नळ आल्यामुळे प्रोग्रॅमांच्या वागण्यालाही वळण लागले. पूर्वी एखादा प्रोग्रॅम आपल्या कामाबरोबर ‘काम सुरू’, ‘काम संपले’ अशी बडबड करी. ती बडबड आता पुढच्याच्या तोंडात जाऊ लागली. तेव्हा रीत पडली, की सांगण्यासारखे काही नसेल तर गप्प राहावे. चूक झाली तर काय करावे, हा मात्र प्रश्न होता. त्याचे उत्तर कसे मिळाले ती हकीकत मासलेवाईक आहे. बेल लॅब्जमध्ये छपाईसाठी प्रकाशाने अक्षरे उमटवणारे यंत्र आले होते. मजकूर त्याच्याकडे पाठवायचा, मग लांबलचक कागदाची पट्टी रसायनांच्या घाणेरड्या वासाच्या यंत्रातून धुऊन काढायची. एवढे करून पाहावे, तर सुबक टपोऱ्या अक्षरांत काय छापलेले? ‘अमुक फाईल उघडता आली नाही.’ असे काही वेळा झाल्यावर त्यांनी प्रत्येक प्रोग्रॅमला चुकीसाठी म्हणून एक निराळी मोरी दिली. चकली करपली तर ती ताटात घालून पुढे सरकवायची नसते, तोंडाने सांगायची असते; हे आपल्या घरात कुणाला शिकवावे लागत नाही.

त्या काळची आणखी दोन-तीन अवजारे सांगतो, कारण पुढे त्यांची गरज पडणार आहे. ली मॅकमॅहन नावाच्या सहकाऱ्याला अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ लिहिलेले जुने निनावी निबंध तपासून कोणता कुणाचा हे शोधायचे होते. मजकूर एवढा, की संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये मावेना. तेव्हा थॉम्पसनने त्यातला शोधण्यापुरता भाग सुटा काढून दिला. तोच ‘ग्रेप’. मजकुरातल्या ज्या ओळीत हवा तो शब्द असेल तेवढ्या ओळी तो पुढे सोडतो. म्हणजे चाळणीच. दुसरे अवजार ‘टी’. नळकाम करणाऱ्यांना हे नाव सांगायलाच नको. एका नळाला फाटा काढायचा तर टी बसवतात, तशीच ही टी वाहत्या मजकुराची एक प्रत बाजूच्या फायलीत सोडते. १९७५ साली स्टीव्ह जॉन्सनने एका दुपारी शुद्धलेखन तपासायचा प्रोग्रॅम केला, तो बहुतेक असल्याच नळांचा. शब्द सुटे करा, लहान अक्षरांत आणा, क्रमाने लावा, दुबार काढून टाका आणि कोशाशी ताडून जे त्यात नाहीत तेवढे दाखवा. १९८२ साली बेल लॅब्जने काढलेल्या एका माहितीपटात ब्रायन कर्निगन हे सारे फार गोड रीतीने समजावून देतो. तो माहितीपट आजही पाहायला मिळतो. मी दोनदा पाहिला.

आता १९८६ सालचा एक सामना सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जॉन बेंटली हा एका नामांकित नियतकालिकात सदर लिहीत असे. त्याने डोनाल्ड क्नूथ यांना एक काम दिले. एखादा मजकूर घ्यावा आणि त्यात सर्वांत जास्त वेळा आलेले शब्द संख्येसह उतरत्या क्रमाने सांगावेत. क्नूथ म्हणजे या विद्येतले शास्त्रीबुवा. प्रोग्रॅम हा माणसाने वाचण्यासारखा निबंध असला पाहिजे, असे त्यांचे मत, आणि ते दाखवण्यासाठीच हे काम त्यांनी पत्करले. दहाएक पानांचा प्रोग्रॅम लिहिला. त्यासाठी शब्द साठवण्याची एक नवीन, अतिशय चतुर रचना मुद्दाम शोधून काढली. परीक्षण करायला बेंटलीने नेमले कुणाला? मॅकइलरॉयला!

मॅकइलरॉयने क्नूथच्या कारागिरीची मनापासून स्तुती केली, दोन-चार उणिवा दाखवल्या, आणि मग तेच काम सहा आज्ञांच्या एका नळात करून ठेवले. पहिली आज्ञा: जे जे अक्षर नाही त्याच्या जागी नवी ओळ, म्हणजे दर ओळीला एक शब्द. दुसरी: मोठी अक्षरे लहान करा. तिसरी: ओळी अक्षरक्रमाने लावा. चौथी: लागोपाठच्या सारख्या ओळींची एकच ओळ करून शेजारी संख्या लिहा. पाचवी: संख्येप्रमाणे उतरत्या क्रमाने लावा. सहावी: वरच्या हव्या तेवढ्या दाखवून थांबा. तिसरी पायरी कशाला, असे मी विचारले. कारण चौथीवाला फक्त शेजारच्याशी ताडून पाहतो, त्याला लांबचे दिसत नाही. वर्गात सारख्या नावाची मुले किती ते मोजायचे, तर आधी सगळ्यांना नावाच्या क्रमाने उभे करावे; मग सारखे आपोआप शेजारी येतात. हा तिसरा मात्र नळातला बांध आहे. शेवटची ओळ हाती आल्याखेरीज पहिली कोणती हे त्याला सांगता येत नाही, म्हणून सगळा मजकूर साठवल्यावरच तो बोलतो.

हा सामना मॅकइलरॉयने जिंकला असे जिकडेतिकडे सांगतात. मला ते तितकेसे पटत नाही. क्नूथना निबंध लिहायला सांगितला होता, त्यांनी तो लिहिला. आणि ओळी क्रमाने लावण्याचा प्रोग्रॅम कुणीतरी आधी घाम गाळून केला होता, म्हणून तर मॅकइलरॉयला तो एका शब्दात बोलावता आला. पण माझ्यासारख्या कादंबरीकाराला हेवा वाटतो तो क्नूथचा, आणि मदत हवी असते ती मॅकइलरॉयची, हेही खरे.

भाच्याने त्या दिवशी लिहिलेली ओळ हीच. जशीच्या तशी. म्हणून तर ती फसली! पहिल्या आज्ञेत ‘जे अक्षर नाही ते काढा’ असे होते, आणि अक्षर म्हणजे इंग्रजीची सव्वीस. माझ्या कादंबरीत इंग्रजीचे एकही अक्षर नाही, त्यामुळे यंत्राच्या हिशेबी ती कादंबरी म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत कोरी जागा. ती सगळी जागा आवळून तिची एक ओळ केली आणि शेजारी लिहिले १. भाच्याने तेवढा पहिला तुकडा पिळून काढला. त्या जागी ‘मोकळी जागा आणि विरामचिन्हे यांच्या ठिकाणी नवी ओळ’ असा तुकडा बसवला. दुसरा तुकडा तर मराठीला लागतच नाही. आपल्यात अक्षरांची लहानमोठी जात नाही. बाकीचे चार होते तसेच राहिले. नळ सुरू झाला आणि पडद्यावर ‘आणि’, ‘नाही’, ‘होते’ ही आपली रोजची मंडळी पहिल्या पंगतीला येऊन बसली.

मला मास्तरकीने गप्प बसू देईना. क्रमाने लावलेली यादी मी वाचायला घेतली, तर ‘ळ’ ची मंडळी ‘ल’ च्या पाठोपाठ, ‘व’ च्या आधी! ‘क्ष’ ‘क’ च्या घरात, ‘ज्ञ’ ‘ज’ च्या घरात. आपल्या मुळाक्षरांत यांची जागा शेवटी, ‘ह’ नंतर. भाचा म्हणाला, इथे अक्षरांना जे अनुक्रमांक दिले आहेत त्यांत ळ हा ल नंतर लगेच आहे, आणि क्ष म्हणजे यंत्राला क, हलन्त आणि ष. मराठीच्या रिवाजाने लावायची सोय निराळी असते, तिला निराळे सांगावे लागते. मी म्हटले, “मोजणीपुरतं चालेल. पाटीवर मात्र चालायचं नाही.”

आता उसासे. यादीत ‘उसासा’ फार खाली होता. मी विजयी मुद्रेने हिच्याकडे पाहिले. भाचा म्हणाला, “थांबा मामा. यंत्राला विभक्ती कळत नाही. उसासा, उसासे, उसाशाने, उसाशांनी हे त्याला चार परके शब्द.” त्याने ग्रेपची चाळणी लावली. ‘उसा’ ज्यात असेल तो शब्द द्या. बापरे, आठशेच्या वर! ही हसली. मी हादरलो. मग यादी पाहिली तेव्हा उलगडा झाला. माझी कादंबरी ऊसकऱ्यांची. ‘उसाचा फड’, ‘उसाला पाणी’, ‘उसात साप’. सगळा ऊस त्या चाळणीतून उसाशांबरोबर आला होता. भाच्याने आणखी एक तुकडा जोडला, उसाचे सगळे शब्द गाळणारा. उरले १६३.

एकशे त्रेसष्ट उसासे. संपादकांनी मोजले नव्हते, पण त्यांच्या कानाला ऐकू आले होते.

त्या यादीपुढे भाच्याने ओळींचे क्रमांक लावून दिले आणि तो पुण्याला गेला. मी तांबडी पेन्सिल घेऊन बसलो. नवरात्र त्यातच गेले. बहुतेक उसासे दाराशी, चुलीपाशी, खाटेवर, कुणीतरी बोलायचे थांबले की तिथे पडलेले; काढल्यावर जागा दिसतसुद्धा नाही. चौथ्या पानावरचा मात्र निराळा. कारखान्याच्या वजनकाट्यावरून बाप रिकामी गाडी घेऊन परत येतो, आणि आई कंदील खाली ठेवते, तिथला. तो मी लिहिला नव्हता, आमच्या ओसरीवर ऐकला होता. तिथे पेन्सिल तीनदा नेली आणि तीनदा मागे घेतली. हिला विचारले. ही पदराने हात पुसत येऊन ती ओळ वाचून गेली, बोलली काही नाही.

आता कादंबरीत एकोणीस उसासे आहेत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाड त्याच संपादकांकडे पुन्हा रवाना केले. उत्तर अजून आलेले नाही.